रुजवात घेतलेली चिठ्ठी

माझा थोरला भाऊ महिन्यातून एकदा धामणगाव बढ्याहून बुलढाण्याला येतो, साखर तपासायला. दवाखान्यातून निघाला की सरळ माझ्या घरी येतो, पिशवीतला औषधांचा गठ्ठा टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "पाह्य बरं, बरोबर देल्लं काय यानं." मी चष्मा लावतो. चिठ्ठीवरचं नाव वाचतो, वय वाचतो, तारीख वाचतो, मग एकेक पाकीट उलटं करून त्याची मुदत पाहतो. तोवर तो मान पार उजवीकडे वळवून माझ्याकडे बघत बसतो. मान वळवावी लागते, कारण त्याला उजवा डोळा नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. तो माझ्यामुळे गेला, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

मी मुळातच संशयी माणूस. दुधाची पिशवीसुद्धा तारीख वाचल्याशिवाय फ्रीजमध्ये जाऊ देत नाही. लग्नपत्रिका आली तर आधी पाहतो, आपल्यालाच आहे का, की दुसऱ्या कुणाचं नाव खोडून इकडे फिरवली. बायको म्हणते, देवानं दर्शन दिलं तरी हे आधी आधार कार्ड मागतील. मागेन. त्यात चूक काय आहे?

या स्वभावाला नोकरीही तशीच मिळाली. सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. पक्षकार निकालाची किंवा साक्षीची नक्कल मागतो. एक जण ती तयार करतो. मग दोघं समोरासमोर बसतात, एक मूळ कागद मोठ्यानं वाचतो आणि दुसरा नकलेवर पेन्सिलीनं बारीक खुणा करत जातो. याला रुजवात घेणं म्हणतात. शेवटी शिक्का, तारीख आणि सही. निकाल बरोबर होता की चूक, कुणाच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कुणी कोरला, हे आम्ही बघायचं नसतं. मुळात आहे तेच नकलेत आहे ना, एवढाच आमचा प्रश्न. माझ्या हातून गेलेली एकही नक्कल परत आली नाही, याचा मला फार ताठा होता.

दुसऱ्या लाटेत कोर्ट अर्ध्या माणसांवर चालायचं. फाइली कमी आणि गप्पा जास्त. गप्पा एकाच गोष्टीच्या, औषधांच्या. मलेरियाची गोळी, जंताची गोळी, फ्लूची ती गोळी जी पहिल्या दिवशी मूठमूठभर खायची, आणि रेमडेसिविर. ज्याला घरातल्या क्रोसिनची मात्रा ठाऊक नाही तोही रेमडेसिविर किती द्यायचं ते सांगायचा. मी वर्तमानपत्रातली कात्रणं कापून एका फायलीत लावायचो. कुठल्या औषधाला मंजुरी मिळाली, कुठल्याची काढली, कुणी म्हणतं गुण आहे, कुणी म्हणतं नाही. महिन्याभरापूर्वी यादीत असलेली गोळी पुढे नाहीशी व्हायची. मग मी ऑफिसात म्हणायचो, बघा, मी म्हणत नव्हतो?

मंजुरीच्या बातमीतही मी एक शब्द धरून ठेवला होता. मर्यादित आपत्कालीन वापर. आमच्याकडे आरोपीला सशर्त जामीन मिळतो तेव्हा नातेवाईक बाहेर पेढे वाटतात. अटी वाचायला कोणी थांबत नाही. या औषधांचं तसंच चाललं होतं. मंजुरीत लिहिलेलं असायचं की हे दवाखान्यात भरती असलेल्यालाच, डॉक्टरच्या देखरेखीखालीच. लोकांच्या कानावर फक्त 'मंजूर' पडायचं. मी अटी वाचतो, मी काही या लोकांसारखा नाही, असं मला वाटायचं. आणि अटी वाचूनही माझं समाधान होत नव्हतं. अटी घातल्या म्हणजे काहीतरी लपवताहेत, असाच मी त्याचा अर्थ लावायचो.

अशात भावाला ताप आला. तो गावी वांगी-टोमॅटो पिकवून विकतो. तिसऱ्या दिवशी वहिनीनं त्याला भाजीच्या ऑटोत बसवून राजूर घाट चढून बुलढाण्याला आणलं. मी कोविड सेंटरच्या फाटकाशी उभाच होतो. आतून एक तरुण डॉक्टरीण आली, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये. फक्त डोळे दिसत होते, तेही वाफ धरलेल्या चष्म्यामागे. जिचं तोंड दिसत नाही तिचं ऐकायचं कसं, हा माझ्या मनातला पहिला विचार.

तिनं भावाच्या बोटाला यंत्र लावलं. शहाण्णव. रक्त तपासलं, साखर थोडी वाढलेली. भावाला साखर आहे हे आम्हाला त्या दिवशी नीट कळलं. त्याआधी तो नुसतं म्हणायचा, मले गोड चालत नाही.

"काका, यांना आत्ता घरीच ठेवा," ती म्हणाली. "तापाची गोळी, भरपूर पाणी, आराम. ऑक्सिजन दिवसातून चार वेळा मोजा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच आणा. आणि स्टेरॉइड कुणी दिलं तरी घेऊ नका. यांना त्याची गरज नाही, वर साखर आहे."

"आणि इंजेक्शन?" मी विचारलं.

"ते यांच्यासाठी नाही."

मग कोणासाठी आहे? आतमध्ये कोणाच्या नावानं ठेवलंय? भाजीवाल्यासाठी नाही, एवढं कळलं. मी तिला म्हटलं, हे लिहून द्या. तिला घाई होती, मागे लोक उभे होते, तरी तिनं हातमोज्यानिशी लिहून दिलं. सही म्हणजे एक वेडीवाकडी रेघ. शिक्का नाही. विचारलं तर म्हणाली, शिक्का आत आहे, किट घातल्यावर तिकडे जाता येत नाही. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि मनातून तिथेच रद्द केला. बिनशिक्क्याच्या कागदाला मी आयुष्यात कधी किंमत दिली नव्हती.

भाऊ गावी परतला आणि वहिनीला लागण नको म्हणून शेतातल्या खोलीत जाऊन राहिला. मी दुसऱ्या दिवशी कोर्टात आमच्या एका वकीलसाहेबांना हे सगळं सांगितलं. भला माणूस. त्यांनी बॅगेतून एक झेरॉक्स काढली. त्यांचा साडू पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून बरा होऊन घरी आला होता, त्याची ती औषधांची चिठ्ठी. "यावर आपल्या कोर्टातले पाच-सहा जण बरे झाले," ते म्हणाले. "घ्या, तुमच्याही कामी येईल."

दुसरा असता तर तसाच मेडिकलवर गेला असता. मी नाही गेलो. मी ती झेरॉक्स घेऊन माझ्या टेबलाशी बसलो आणि पेन्सिल काढली. हॉस्पिटलचं नाव, पत्ता. खूण. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. खूण. शिक्का गोल, पूर्ण, अक्षरं वाचता येताहेत. खूण. वर छापलेल्या नंबरवर फोन लावला, चार वेळा लागला नाही, पाचव्यांदा लागला. विचारलं, हे डॉक्टर तुमच्याकडे आहेत का? आहेत म्हणाले. वकीलसाहेबांना विचारलं, साडूचं नाव हेच ना? हेच म्हणाले. नावापुढे खूण. मग एकेक औषध घेऊन कात्रणांच्या फायलीशी ताडून पाहिलं. फ्लूची गोळी, मंजुरी आहे. स्टेरॉइडची गोळी, हिचं तर परदेशातही कौतुक, जीव वाचवते म्हणून. खूण, खूण, खूण. डॉक्टरीण म्हणाली होती घेऊ नका. पण तिच्याकडे शिक्का नव्हता, आणि इथे पुण्याचा होता.

मेडिकलवाला ओळखीचा. चिठ्ठी बघून म्हणाला, आज याच चिठ्ठीवर तिसरे तुम्ही. मला त्यात धोका दिसायला हवा होता, मला साक्षीदार मिळाल्यासारखं वाटलं. त्यानं कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापली तेव्हा मी त्याला थांबवलं. नाव आणि मुदत असलेली बाजूच मला पाहिजे, म्हटलं. तो हसला. म्हणाला, तुमच्याइतकं पाहणारं गिऱ्हाईक जिल्ह्यात नाही.

रविवारी मी औषधं घेऊन शेतात गेलो. भाऊ खोलीबाहेर लिंबाखाली खाटेवर बसला होता. मी दहा पावलांवर थांबलो, पिशवी दगडावर ठेवली आणि मागे झालो. त्यानं चिठ्ठी उघडून बराच वेळ पाहिली. सातवी शिकलेला आहे तो, छापील नाव इंग्रजीतलं असलं तरी हळूहळू लावतो.

"तू पाह्यलं ना सारं?" त्यानं विचारलं.

"पाह्यलं. एक एक अक्षर रुजवात घेतली."

"मंग काही नाही," तो म्हणाला आणि चिठ्ठी घडी करून परत पिशवीत ठेवली.

दोन दिवसांत ताप गेला. चौथ्या दिवशी त्याला भूक लागली. पाचव्या दिवशी वहिनीचा फोन, "भाऊजी, हे तं वांग्याले पानी देऊन राह्यले. आयकतच नाहीत." मला असा आनंद झाला की मी त्या डॉक्टरणीला मनातल्या मनात चार गोष्टी सुनावून घेतल्या. गरज नाही म्हणे! चिठ्ठीवर दहा दिवस लिहिले होते, मी भावाला दहाही दिवस पूर्ण करायला लावले. एकही गोळी चुकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ फोन करायचो. अंगात आलेली ती तरतरी बरेपणाची नसून स्टेरॉइडच्या गोळीची असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला पाहिजे होतं, कारण त्या गोळीच्या अटीही छापून आल्या होत्या आणि त्या माझ्याच फायलीत होत्या. ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. रेमडेसिविरच्या अटी मी पाठ केल्या होत्या, कारण ते कोणीतरी लपवतंय असा मला वहीम होता. ही साधी पांढरी गोळी कुठल्याही दुकानात मिळत होती, तिच्यावर कसला संशय घ्यायचा!

मग त्याला तहान लागायला लागली. घागरभर पाणी प्यायचा. गाल दुखतो म्हणाला, वरचे दात हलताहेत म्हणाला. नंतर वहिनीचा रडत फोन, "भाऊजी, यायचा डोया सुजला, उघडतच नाही." मी म्हटलं, वांग्यात गांधीलमाशी चावली असेल, चुना लावा. दोन दिवस त्यात गेले. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

बुलढाण्याला आणलं तेव्हा तीच डॉक्टरीण होती. या वेळी किट नव्हतं, नुसता मास्क. मी आवाजावरून ओळखलं. तिनं भावाला आत तपासलं, साखर पाहिली, आणि एकटीच बाहेर आली.

"स्टेरॉइड घेतलं होतं का?"

मी फाइल उघडली आणि ती चिठ्ठी तिच्या हातात दिली. खरं सांगतो, तेव्हाही मला थोडा अभिमानच होता. प्रत्येक ओळीपुढे खूण होती. तिनं वरपासून वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीवर थांबली.

"हे कोण?"

मी म्हटलं, "वकीलसाहेबांचे साडू."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग परत कागदाकडे. नावापुढची पेन्सिलीची खूण तिला दिसली असणार. "हा पेशंट ऑक्सिजनवर होता, काका. इथे लिहिलंय. त्याच्यासाठी हे औषध बरोबर होतं," ती म्हणाली. मला ओरडली असती तर मी तिच्याशी भांडलो असतो. कागद माझ्या हातात देऊन ती औरंगाबादला पाठवायची चिठ्ठी लिहायला बसली. या वेळी तिनं शिक्का मारला.

काळी बुरशी होती. औरंगाबादला ऑपरेशन झालं, डोळा काढावा लागला, वरचे काही दात गेले. जीव वाचला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला समजावलं, साखर होती, आजार स्वतःही साखर वाढवतो, एकट्या गोळीवर सगळं टाकता येणार नाही. मी मान हलवली. माझा त्यांच्यावरही विश्वास बसला नाही. मला बरं वाटावं म्हणून बोलताहेत, असं वाटलं.

तेव्हापासून माझा संशय दुसरीकडे कुठे जायचाच बंद झाला. तो एकाच माणसावर येऊन बसला. भावाला माहीत आहे का? वहिनीला त्यानं काही सांगितलं का? तो चहा बशीत ओतताना थोडा बाहेर सांडतो, टोमॅटोच्या वेलाला सुतळी बांधताना हात तारेच्या अलीकडेच थांबतो, आणि मी बघतोय हे त्याला कळतं. कळलं की तो काहीतरी भलतंच बोलतो, भाजीच्या दराचं, बाजाराचं. का बोलतो? वांग्यांचा पहिला तोडा आजही आधी माझ्याकडे पाठवतो, निवडून. का पाठवतो? एकदा रोहिणखेडला एका लग्नात पाहुण्यांनी डोळ्याचं विचारलं, तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यानं धावपळ केली म्हनून तं मी दिसून राह्यलो तुमाले." मी जेवण अर्धवट सोडून उठलो. हा टोमणा आहे की खरंच म्हणतोय, हे मला त्या रात्रीपर्यंत ठरवता आलं नाही आणि नंतरही नाही.

सांगून टाकावं असं पुष्कळदा वाटलं. दर महिन्याला वाटायचं. तो टेबलावर गठ्ठा ठेवायचा, 'पाह्य बरं' म्हणायचा, आणि माझी जीभ उचलायची नाही. मी भित्रा आहे. संशयी माणसाला लोक हुशार समजतात, त्यात भित्रेपणा झाकून जातो.

मागच्या महिन्यात तो आला, नेहमीसारखा. मी चष्मा लावला, दवाखान्याची चिठ्ठी उचलली आणि पहिल्याच ओळीवर थांबलो. नाव दुसऱ्याचं होतं. वय वेगळं, गाव वेगळं, कुणातरी चिखलीकडच्या माणसाचं. दवाखान्यात छापलेले दोन कागद अदलाबदल झाले असणार. औषधंही त्याच कागदावरून दिलेली.

"हे तुह्यं नाही!" मी ओरडलोच. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"हाव," भाऊ शांतपणे म्हणाला. "दवाखान्याच्या दारातच पाह्यलं म्या."

"मंग तिथंच काऊन नाही बोलला?"

"तू पाहशीनच म्हटलं."

बायको परत आत गेली. भावानं मान आणखी थोडी वळवली, चांगला डोळा नीट माझ्यावर आणला.

"तवाही पाह्यलं होतं," तो म्हणाला.

"तवा म्हंजे?"

"शेतात. तू चिठ्ठी देल्ली तवा. वर नाव दुसऱ्याचंच होतं. म्हटलं इचारू काय. मंग म्हटलं, हा सख्ख्या बायकोनं आनलेल्या दुधाची तारीख पाह्यते. जगात कोनावर याचा भरोसा नाही. यानं पाह्यलं, आता आपून काय पाहाचं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला. इतकी वर्षं मी त्याच्या प्रत्येक वाक्यात शोधत आलो होतो, त्या दिवशीही शोधला, आणि मिळाला असता तर मला फार बरं वाटलं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. माझ्या संशयी स्वभावाला घरीदारी सगळे हसले. त्या स्वभावावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस एकच होता.

"चुकलं माह्यं," मी म्हटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान वाक्य निघालं.

"हाव," तो म्हणाला. मग टेबलावरचा कागद चाचपडत बोटांनी माझ्याकडे सरकवला. "जाय आता, बदलून आन. दवाखाना उघडा असंन. अन् आनल्यावर मले दे आधी. मी पाह्यतो, मंग तू पाह्य."

मी चपला घातल्या आणि कागद, औषधं घेऊन निघालो. दवाखाना दहा मिनिटांवर आहे. औषधं बदलून घेतली, पण नवी चिठ्ठी हातात पडल्यावर मी ती वाचली नाही. घडी न उघडता तशीच घरी आणली आणि आधी त्याच्या हातात दिली.